महाकालाच्या गावात जेवायचं कुठे?

आमच्याकडे उज्जैनला पुण्या-नागपूरहून येणारे पाहुणे पूर्वी फोनवर एकच विचारायचे, "गुरुजी ओळखीचे आहेत का?" कुणाला सिद्धवटावर श्राद्ध करायचं असे, कुणाला मंगळनाथाला भातपूजा. जेवण आमच्याच घरी असे, त्यामुळे त्याची चौकशी कुणी करत नसे. 11 ऑक्टोबर 2022 ला देवळालगतच्या नव्या परिसराचं, महाकाल लोकचं, उद्घाटन झालं आणि प्रश्न बदलला. आता पाहुणे हॉटेलात उतरतात, दर्शनाची वेळ मोबाइलवर आधीच घेतात आणि मला विचारतात, "आत्या, तिकडे खायला-प्यायला चांगलं कुठे मिळतं?"

विचारायला माझी हरकत नाही. मी शाळेत संस्कृत शिकवलं, म्हणजे भुकेल्याला सुभाषित ऐकवणारी बाई असा माझा लौकिक आहे, तो थोडा पुसला गेला तर बरंच. शिवाय महाकालाच्या अवतीभोवतीचा भाग खरंच ओळखू येईनासा झाला आहे. रुद्रसागर म्हणजे आमच्या लहानपणी जलकुंभी माजलेलं, वास मारणारं पाणी. आज त्याच्या काठाने 900 मीटरहून लांब दगडी मार्ग आहे, 108 स्तंभ आहेत, शिवकथांतल्या मूर्ती आहेत आणि रात्री दिवाळीसारखा उजेड आहे. बाजूच्या गल्ल्यांतल्या घरांचे होमस्टे झाले. जिथे ओसरी होती तिथे काउंटर आला. "शुद्ध शाकाहारी", "बिना लहसुन-प्याज" आणि अधूनमधून "महाराष्ट्रीयन थाली" अशा पाट्या लागल्या. ही शेवटची पाटी पाहून मला गंमत वाटते, कारण आजचं महाकालाचं देऊळ उभं केलं तेच मुळी राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी, 18व्या शतकात. गोपाळमंदिर बांधलं बायजाबाई शिंद्यांनी. हरसिद्धीपुढच्या दोन दीपमाळा पाहिल्या की मराठी माणसाला जेजुरीची आठवण येते. मराठी माणूस इथे थाळीच्या पाटीआधी पावणेतीनशे-तीनशे वर्षं जेवतो आहे.

तर, खायचं कुठे. याच परिसरात नीलकंठ वनाजवळ 7 जानेवारी 2024 ला तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री मनसुख मांडविया आणि मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या हस्ते एक खाऊगल्ली सुरू झाली. 939 चौरस मीटर जागा, 17 दुकानं. देशभर अशा 100 स्वच्छ खाऊगल्ल्या करायची सरकारची योजना आहे, त्यांतली ही पहिली. बसायला जागा, हात धुवायला पाणी, झाकलेले डबे. गल्लीत कुणाच्या तरी कोपराला कोपर लावून कचोरी खाण्याची ज्यांना हौस नाही त्यांच्यासाठी उत्तम सोय. तिचं नाव ठेवलं आहे "प्रसादम्".

माझा भाचा तिथून जेवून आला आणि म्हणाला, "आत्या, आज प्रसादम् खाल्लं." त्याच्या बायकोने सहज विचारलं, "पण ते देवाला दाखवलेलं होतं का?" तो हसला. मला मात्र हसून सोडून देता येईना. पाटी हटवा म्हणून अर्ज करण्याइतका काही माझा राग नव्हता. पण देवळापासून हाकेच्या अंतरावर, पैसे देऊन, मेनूकार्ड पाहून, "तिखट कमी करा" असं सांगून घेतलेलं अन्न प्रसाद असू शकतं का, हा प्रश्न खराच आहे. आणि नसेल, तर मग प्रसाद कशाने होतो?

सोपं उत्तर म्हणजे नैवेद्याने. देवापुढे ठेवलं, पाणी फिरवलं, की ते बदललं. पण शंकराच्या बाबतीत हे उत्तर भलतंच अवघड आहे, आणि ते अवघड आहे हे आपल्याकडच्या खेड्यातल्या माणसालाही माहीत असतं. महादेवाच्या देवळातला नैवेद्य घरी आणत नाहीत, तो गुरवाचा. शास्त्र सांगतं की शिवाला वाहिलेल्यावर चंड नावाच्या गणाचा अधिकार, तिथे माणसाने हात घालू नये. मग शिवपुराणातली विद्येश्वरसंहिता वाट काढते: बाणलिंग, सिद्धलिंग, स्वयंभू लिंग, इथे चंडाची सत्ता नाही, इथलं खुशाल खावं. महाकाल ज्योतिर्लिंग, स्वयंभू. म्हणजे गावोगावच्या महादेवांपुढचं अन्न जिथे वर्ज्य, तिथे महाकालापुढचं ग्राह्य. आमच्या आजीला हा नियम तोंडपाठ होता. ती कुठल्याही गल्लीतल्या शिवालयात फुटाणासुद्धा तोंडात टाकायची नाही आणि महाकालाचा मात्र कणही खाली पडू द्यायची नाही.

या विचारात एक प्रामाणिकपणा आहे. अन्न कुणाचं, हे आधी विचारा. तुमच्या समोर आलं म्हणून तुमचं झालं असं नाही. पण आजच्या लाडवाला हा नियम लावू गेलं की गोंधळ होतो. महाकालाचा बेसनाचा, तुपातला लाडू मंदिर समिती चिंतामण गणपतीच्या बाजूच्या आपल्या केंद्रात मोठ्या प्रमाणावर बनवते आणि काउंटरवर किलोच्या भावाने विकते. स्वच्छतेचं "सेफ भोग" प्रमाणपत्र मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या मंदिरांत महाकालाचं नाव आहे. हे सगळं चांगलंच आहे. पाकिटावरचं शिखराचं चित्र कचऱ्यात जातं म्हणून ते काढावं अशी तक्रार इंदूर खंडपीठापर्यंत गेली होती. चित्राची एवढी काळजी घेणाऱ्या भक्तांपैकी कितींनी विचारलं असेल की आपल्या हातातलं हे नेमकं पाकीट देवापुढून आलं की नाही? ज्या वस्तूला देवाचा स्पर्श झाला ती प्रसाद, हे मत धरलं तर निम्मा प्रसाद त्या कसोटीला उतरणार नाही.

दुसरं उत्तर आपल्याला जास्त आवडतं: भाव. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञातून उरलेलं खाणारा आणि स्वतःपुरतं शिजवणारा असे दोघे समोरासमोर उभे केले आहेत, आणि दुसऱ्याला उद्देशून जे म्हटलं आहे ते जेवणाच्या पंगतीत म्हणण्याजोगं नाही. तिथून प्रसादबुद्धीची कल्पना आली, म्हणजे जे मिळालं ते त्याने दिलं असं समजून खावं. थोर कल्पना आहे. पण शहरी माणसाच्या तोंडी ती फार लवकर स्वस्त होते. मनात भाव असला की झालं, असं म्हणून मी काहीही मागवू शकते, परत पाठवू शकते, अर्धं टाकू शकते आणि वर भावही शाबूत ठेवू शकते. भावाला बाहेरून तपासायची सोयच नसल्यामुळे त्याच्या नावावर काहीही खपतं. खाऊगल्लीला प्रसादम् म्हणणाऱ्यांनी तरी दुसरं काय केलं? भावच तर ठेवला.

या दोन्हींपेक्षा मला छांदोग्य उपनिषदातली उषस्ती चाक्रायणाची गोष्ट जवळची वाटते. शिकवताना ती मी दरवर्षी सांगायचे, अभ्यासक्रमात नसली तरी. कुरुदेशात पीक बुडालं. उषस्ती बायकोबरोबर हत्तीवाल्यांच्या गावात येऊन राहिला. एक हत्तीवाला निकृष्ट प्रतीचे उडीद खात बसला होता. उषस्तीने मागितले. तो म्हणाला, "माझ्यापुढे वाढलेले आहेत तेवढेच आहेत, दुसरे नाहीत." उषस्ती म्हणाला, "त्यातलेच दे." दिले. मग हत्तीवाल्याने पाणी पुढे केलं. उषस्ती म्हणाला, "नको, ते उष्टं होईल." हत्तीवाल्याला साहजिकच नवल वाटलं, उडीद उष्टे नव्हते का? उषस्तीचं उत्तर असं की ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मात्र मला हवं तिथे मिळेल. उरलेले उडीद त्याने बायकोसाठी नेले. तिला तोवर भिक्षा मिळाली होती, तिने ते जपून ठेवले. दुसऱ्या दिवशी तेच शिळे उडीद खाऊन तो राजाच्या यज्ञाला गेला आणि तिथल्या ऋत्विजांना तुम्ही ज्या देवतेचं गाता ती तुम्हाला ठाऊक आहे का असं दरडावून विचारलं.

वर्गातल्या मुली हसायच्या. त्यांना वाटे हा माणूस सोयीप्रमाणे सोवळं पाळतो. माझ्या मते त्याने एक फार बारीक रेघ ओढली. जिथे निवड नाही तिथलं अन्न कुणाचंही असो, ते निर्दोष. जिथे निवड आहे, तिथे निवडीची जबाबदारी तुमची, उपनिषदाचं नाव सांगून ती टाळता येणार नाही. उडदाला त्याने पवित्र म्हटलं नाही, पाण्याला अपवित्र म्हटलं नाही. स्वतःची गरज कुठे संपते आणि आवड कुठे सुरू होते, एवढंच त्याने बघितलं.

मला वाटतं, प्रसादाचं लक्षणही याच्याच आसपास आहे. प्रसाद तो, जो निवडता येत नाही. सत्यनारायणाचा शिरा वाढताना "मला बेदाण्याचा द्या" असं कुणी म्हणत नाही. तळहात पुढे करायचा, पडेल ते घ्यायचं, कमी पडलं तर बोलायचं नाही. गोपाळकाल्यात तर ही गोष्ट डोळ्यांना दिसते: प्रत्येकाची शिदोरी, कुणाच्या घरचं लोणचं, कुणाचं दही, कुणाच्या पोह्यांचा भुगा, सगळं एकत्र कालवून टाकलेलं, माझं कुठलं आणि तुझं कुठलं हे वेगळं काढायची सोयच शिल्लक ठेवलेली नाही.

म्हणून भाचेसुनेला मी महाकालाच्या अन्नक्षेत्रात नेलं. मंदिर समितीचं हे निःशुल्क भोजनालय. वरण, भात, पोळी, भाजी, कधी गोड. सांगलीचे शेतकरी, गुजरातेतलं एक अख्खं कुटुंब, कोपऱ्यात एक बैरागी आणि आम्ही. भाजीत मीठ कमी होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि आम्ही जेवलो. मीठ मागता आलं असतं, वाढणारा मुलगा काही रागावला नसता. पण त्या जागेचं एक वळण असतं, ते माणसाला मागू देत नाही. तिथे कुणी भाव आणून बसलेलं असेलच असं नाही, कित्येक जण नुसते भुकेले असतात. तरीही रांगेची, ताटाची आणि न मागण्याची रीतच त्यांचं काम करते. भावापेक्षा माझा रीतीवर विश्वास जास्त आहे, हे वयामुळे असेल.

आता लाडवाचं काय? तो तर मी निवडून, मोजून, पैसे देऊन घेते. माझ्या लक्षणाप्रमाणे तो प्रसाद ठरत नाही, आणि हे कुणा उज्जैनकराला सांगितलं तर तो मला शिप्रेत बुडवेल. पण लाडवाचं पुढे काय होतं ते पहा. अर्धा किलोचं पाकीट घेऊन माणूस घरी जातो आणि ते स्वतः खात बसत नाही. फोडतो, चिमूट-चिमूट करतो, शेजारी देतो, ऑफिसात नेतो, कामवाल्या बाईंच्या हातावर ठेवतो. त्या शेजाऱ्याने काही निवडलेलं नसतं. त्याला लाडू आवडतो की नाही, साखर चालते की नाही, कुणी विचारलेलं नसतं. "महाकालाचा आहे" एवढंच सांगून हातावर ठेवलं जातं आणि तो डोळ्यांना लावून खातो. माझ्या हातात असतो तोवर तो लाडू असतो, त्याच्या हातावर गेला की प्रसाद. म्हणूनच प्रसाद एकट्याने खाल्ला असं आपल्याकडे कुणी अभिमानाने सांगत नाही.

एकट्याने खाण्याची गोष्टसुद्धा याच गावाची आहे. सांदीपनींच्या आश्रमात कृष्ण आणि सुदामा शिकत होते. लाकडं आणायला रानात गेले, पाऊस लागला, आणि गुरुपत्नीने दोघांसाठी दिलेले चणे सुदाम्याने अंधारात एकट्यानेच खाल्ले, असं लोक सांगतात. भागवतात चण्यांचा प्रसंग नाही, नुसती पावसाची रात्र आहे. चणे लोकांनी घातले आणि फार नेमके घातले. भागवतात आहेत ते पोहे. सुदाम्याच्या बायकोने शेजाऱ्यांकडून मागून आणलेले चार मुठी पोहे, फाटक्या फडक्यात बांधलेले. द्वारकेत कृष्णाने ते हिसकावून घेऊन एक मूठ तोंडात टाकली, दुसरीला रुक्मिणीने हात धरला. देणाऱ्याने ते निवडलेले नव्हते आणि खाणाऱ्यानेही नाही. उज्जैनमध्ये सकाळी प्रत्येक टपरीवर पोहे वाफेवर ठेवलेले असतात, बडीशेप घातलेले, वर शेव आणि जिरावन, शेजारी जलेबी. पोहे मराठ्यांनी माळव्यात आणले की माळव्याने मराठ्यांना शिकवले यावर आमच्याकडे दर दिवाळीला भांडण होतं. मी दोन्ही बाजूंनी भांडते.

खाण्याचं एवढं झालं. पिण्याचा प्रश्न याहून अवघड. भाच्याने तो हळूच, बायको आत गेल्यावर विचारला. "आत्या, इथे बंदी आहे ना?" आहे. जानेवारी 2025 मध्ये महेश्वरला भरलेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत निर्णय झाला आणि 1 एप्रिल 2025 पासून राज्यातल्या धार्मिक गावा-शहरांतली दारूची दुकानं बंद झाली. उज्जैन महापालिकेची सगळी हद्द त्यात आली. पण त्याच हद्दीत भैरवगडला काळभैरव आहे, आणि काळभैरवाला मद्याचा नैवेद्य लागतो. पुजारी बशीत ओततो, बशी मूर्तीच्या तोंडाला लावतो, ती हळूहळू रिकामी होते आणि बाटलीत राहिलेलं भक्ताला परत मिळतं. महादजी शिंद्यांनी या भैरवाला आपली पगडी वाहिली असं सांगतात, आजही त्याच्या डोक्यावर शिंदेशाही पगडी दिसते. देवळाबाहेर मद्याचे काउंटर होते, ते बंद झाले. नैवेद्य बंद झाला नाही. भक्तांनी आता बाटली हद्दीबाहेरून आणायची.

एवढंच नाही. शारदीय नवरात्राच्या अष्टमीला चौबीस खंबा देवीला मद्याचा नैवेद्य दाखवतो तो उज्जैनचा कलेक्टर. म्हणजे सरकारच. मग भोक पाडलेल्या मडक्यातून मद्याची धार सोडत मंडळी सुमारे 27 किलोमीटर चालतात, वाटेतल्या देवी-भैरवांना भजी, पुऱ्या, घुगऱ्या आणि तीर्थ देत. नगरपूजा म्हणतात तिला, विक्रमादित्यापासून चालत आली अशी श्रद्धा आहे.

देवाला चालतं, माणसाला नाही: हा ढोंगीपणा आहे असं भाच्याचं मत. पुष्कळांचं आहे. मला तसं वाटत नाही, आणि बंदीवर माझी फार भिस्त नाही तरीही वाटत नाही. भैरवापुढे जे चालतं ते पिणं नव्हेच. आवडीची वस्तू, लपवायची वस्तू, जिच्यापायी घरं बुडतात ती वस्तू, देवळात उघड आणून त्याच्यासमोर ठेवायची. किती घ्यायची ते तो ठरवणार, उरेल ती त्याची मर्जी. व्यसनी माणसाच्या हातून निवड काढून घेण्याचा हा एक जुना, धाडसी प्रकार आहे. दर वेळी तो साधतो असं नाही. कुलार्णवतंत्र हा तर कौलांचा स्वतःचा ग्रंथ, मद्याला विधीत जागा देणारा. तोच बजावतो की दारू पिऊन सिद्धी मिळत असती तर सगळे दारुडे सिद्ध झाले असते. भैरवाच्या पायरीवर ती उरलेली बाटली चढाओढीने संपवणारे तरुण मी पाहिले आहेत. तिथे प्रसाद संपून अड्डा सुरू झालेला असतो आणि ते कळायला तंत्रग्रंथ लागत नाही.

देवाने किती प्यावं यावर सरकार आणि न्यायालय बोलतात याचंही लोकांना नवल वाटतं. महाकालाची पिंडी झिजते आहे म्हणून दावा झाला, आणि 2017 साली सर्वोच्च न्यायालयासमोर मोजमाप ठरलं: प्रत्येक भक्तामागे जास्तीत जास्त अर्धा लिटर शुद्ध केलेलं आरओचं पाणी, दूध किंवा पंचामृत सव्वा लिटरपर्यंत. आमच्या गल्लीत त्यावर आठवडाभर चर्चा चालली. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटला. मी मला पाहिजे तेवढं देवावर ओतणार, ही भक्ती असेलही, पण त्यात आवड माझी आणि झीज त्याची.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगताना जीभ जड होते. खायचं कुठे या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न लपलेला असतो: बनवणारा कोण? आहार शुद्ध तर मन शुद्ध, हे छांदोग्यच सांगतं. रामानुजांनी अन्नाचे तीन दोष धरले: वस्तूचा मूळचा, म्हणजे कांदा-लसूण वगैरे, ज्याच्याकडून आलं त्याचा, आणि केस, किडा, घाण यांचा. तिसऱ्या दोषाचं काम आता अन्नसुरक्षा खातं करतं आणि खाऊगल्लीत ते बरं करतं. पहिल्याचं काम "बिना लहसुन-प्याज" ही पाटी करते. दुसऱ्या दोषावरून मात्र जुलै 2024 मध्ये उज्जैनच्या दुकानदारांनी मालकाचं नाव आणि मोबाइल नंबर दर्शनी लावावा, नाही तर दंड, असं महापौरांनी जाहीर केलं. ग्राहकांच्या माहितीसाठी, असं कारण दिलं होतं. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाने कावडयात्रेच्या वाटेवर नावं लावायच्या सक्तीला अंतरिम स्थगिती दिली.

छांदोग्यातल्या आहारशुद्धीच्या त्याच वाक्यावर शंकराचार्यांचं भाष्य वेगळं आहे. आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेलं सगळं, डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं. आणि शुद्धी म्हणजे त्यातून राग, द्वेष, मोह काढून टाकणं. ज्या ज्ञानी माणसाच्या परंपरेच्या नावावर आपण महाकालात रुद्र म्हणतो त्याचं हे म्हणणं आहे. पाटीवरचं नाव वाचून ज्याच्या मनात द्वेष उठला त्याचा आहार पहिल्या घासाआधीच बिघडला, असा त्याचा सरळ अर्थ मी लावते. उषस्तीने हत्तीवाल्याचं नाव विचारलेलं नव्हतं. ते उपनिषदातही दिलेलं नाही.

आणि विकणं यात काही कमीपणा आहे असंही नाही. शांतिपर्वात जाजली नावाचा तपस्वी आहे. इतका स्थिर उभा राहिला की पक्ष्यांनी डोक्यावर घरटं बांधून पिल्लं वाढवली, आणि त्याला वाटलं धर्म आपल्याला कळला. त्याला सांगितलं गेलं, काशीच्या तुलाधाराकडे जा. तुलाधार दुकानदार. नाना तऱ्हेचे रस विकतो, फक्त मद्य विकत नाही. आपला तराजू सगळ्यांना सारखा, एवढंच तो धर्म म्हणून सांगतो, आणि घरटंवाल्या ऋषीला ते ऐकून घ्यावं लागतं. महाभारताने दुकानदाराला दुकानदार ठेवूनच मोठं केलं, त्याच्या दुकानावर देवळाची पाटी लावली नाही. नीलकंठ वनाजवळच्या 17 दुकानांबद्दल माझी तक्रार इतकीच आहे. चांगलं तेल, झाकलेलं अन्न, खरं वजन, योग्य भाव, हे पुण्याचंच काम आहे. त्याला प्रसादाचं नाव उसनं घ्यावं लागत नाही. आणि उसनं घेतल्याने दोघांचंही नुकसान होतं: दुकानदाराला वाटतं नावातच स्वच्छता आली, भक्ताला वाटतं पैसे दिले की प्रसाद मिळतो.

तेव्हा येणाऱ्यांना आता मी असं सांगते. सकाळी कुठल्याही गर्दीच्या टपरीवर पोहे-जलेबी खा, मालकाचं नाव विचारू नका, कढईतलं तेल मात्र पाहा. दुपारी एकदा तरी अन्नक्षेत्रात बसा, पानात टाकू नका, आणि उठताना जमेल तेवढी पावती फाडा. मुलं बरोबर असतील, पोट नाजूक असेल, तर नीलकंठ वनातली खाऊगल्ली सगळ्यांत बरी. तिथे हवं ते मागा, आवडलं नाही तर सांगा, बिल घ्या. दाल-बाफले भूक असेल तेव्हाच, कारण नंतर दर्शनाच्या रांगेत उभं राहवत नाही. संध्याकाळी फ्रीगंजला टॉवर चौकात चाट खायला या, मी तिथून जवळच राहते. देवळाबाहेर भांग-ठंडाई मिळेल. देवाच्या शृंगारात भांग असते म्हणून ती तुम्हालाही सोसेल असं समजू नका. भैरवाला जायचं तर जा, पण बशी त्याच्या तोंडाला लावा, स्वतःच्या नाही. लाडू अर्धा किलोच घ्या आणि सगळा वाटा.

2028 च्या सिंहस्थाला शिप्रेच्या काठी कोट्यवधी माणसं जेवतील. तोवर कुणी तरी प्रसादम् च्या त्या पाटीवर नुसतं "खाऊगल्ली" लिहावं, अशी माझी महापालिकेला विनंती आहे.